सगळ्या दोऱ्या बाहेरच्या एकाच्या हाती द्याव्यात का? (फोरपीएल, कंट्रोल टॉवर वगैरे)

वेळापत्रक | सोम, १०:४२

नमस्कार मंडळी,

यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कच्च्या मालाची आवक आणि तयार मालाचा डिस्पॅच, दोन्हीचं प्लॅनिंग बघतो. सध्याचा पसारा असा: सात ट्रान्सपोर्टर, तीन गोदामं (त्यातलं एक थ्रीपीएलवाल्याचं, म्हणजे बाहेरच्या लॉजिस्टिक्स कंपनीचं), एक कस्टम्स एजंट आणि साठेक पुरवठादार. प्रत्येकाची एक्सेल वेगळी, प्रत्येकाचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा. "गाडी कुठे पोचली?" या एका प्रश्नात माझा अर्धा दिवस जातो. उरलेला अर्धा, ती तिथे का थांबली याचं उत्तर वर कळवण्यात.

आता वरून ठरू घातलंय की हे सगळं बाहेरच्या एका कंपनीकडे सोपवायचं. अशा कंपनीला फोरपीएल म्हणतात. तिच्या स्वतःच्या गाड्या नाहीत, गोदामं नाहीत. ती आहेत त्यांचीच राहतील. पण कुठल्या पुरवठादाराकडून किती माल कधी उचलायचा, कुठे उतरवायचा, कोणाची गाडी लावायची, हे त्यांच्या 'कंट्रोल टॉवर'मधून ठरणार. प्रेझेंटेशन झकास झालं. नकाशावर हिरवे-तांबडे ठिपके पळत होते. साहेब मंडळी खूश.

मला मात्र काही गोष्टी उमगत नाहीत. सात जणांना फोन करायचे ते एकालाच करायचे, एवढाच फरक असेल तर त्यासाठी पैसे का मोजायचे? बचत होते म्हणतात ती नेमकी कुठून येते? आणि आली तर ती कोणाच्या खिशात जाते? ज्यांनी हे आतून पाहिलंय त्यांनी लिहावं. जाहिरातछाप उत्तरं नकोत, ती ऐकून झाली.

निवांत_बसलेला | सोम, १०:५८

वाचनखूण साठवली आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

अर्धविराम | सोम, १२:१५

आधी शब्दांचा घोळ निस्तरू, नाहीतर पन्नास प्रतिसादांनंतर कळेल की सगळे वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होते.

थ्रीपीएल म्हणजे तुमचं काम करणारा तिसरा पक्ष: वाहतूक, साठवण, पॅकिंग. १९८० साली अमेरिकेत ट्रक वाहतुकीवरची सरकारी बंधनं सैल झाली, दर आणि मार्ग ठरवायची मोकळीक मिळाली, आणि तिथून हा धंदा फोफावला. फोरपीएल त्याच्या वरचा मजला. तो हात-पाय भाड्याने देत नाही, डोकं देतो. हा शब्द अँडरसन कन्सल्टिंगने, म्हणजे आजच्या ॲक्सेंचरने, १९९६ च्या सुमारास काढला आणि ट्रेडमार्क म्हणून नोंदवूनही ठेवला. शब्दच सल्लागारांच्या घरचा असल्यामुळे प्रेझेंटेशन झकास असणं ओघाने आलंच :)

मधला एक प्रकारही आहे, लीड लॉजिस्टिक्स प्रोव्हायडर. त्याच्या स्वतःच्या गाड्या असतात आणि तो इतरांच्याही हाकतो. तुमच्याकडे येणारी पार्टी यातली नाही ना, हे आधी तपासा. स्वतःच्या गाड्या असलेला माणूस तटस्थपणे गाडी निवडतो यावर माझा फारसा विश्वास नाही.

आता बचत कुठून येते. साखळीतला प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाने वागला तरी पूर्ण साखळी मूर्खासारखी वागते, हे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली मांडलं. एमआयटीत त्यावर 'बिअर गेम' नावाचा खेळ आहे. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची ऑर्डर दिसते. ग्राहकाची मागणी एकदाच वाढते आणि मग तिथेच स्थिर राहते. तरी कारखान्यापर्यंत पोचेपर्यंत ऑर्डरी आभाळाला भिडतात आणि नंतर धाडकन शून्यावर येतात. खेळून झाल्यावर सगळे ग्राहकाला शिव्या घालतात, आणि मग त्यांना ग्राहकाच्या मागणीचा आलेख दाखवतात. तो जवळजवळ सपाट असतो.

१९९७ मध्ये हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हँग या तिघांनी या 'बुलव्हिप'ची, म्हणजे चाबकाच्या फटकाऱ्याची, चार कारणं वेगळी काढून दाखवली. त्यांचं गाजलेलं उदाहरण प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं. बाळं काही सणासुदीला जास्त डायपर वापरत नाहीत, पण वितरकांच्या ऑर्डरी मात्र उड्या मारत होत्या.

ती चार कारणं घेऊन बाहेरचा समन्वयक कुठे उपयोगी पडतो ते बघा.

पहिलं, प्रत्येक जण शेजाऱ्याच्या ऑर्डरीवरून अंदाज बांधतो. समन्वयकाला शेवटच्या ग्राहकाची खरी मागणी दाखवलीत तर हे मोडतं. दाखवलीत तर! दुसरं, गाडी भरावी म्हणून ऑर्डरी साठवून एकदम टाकल्या जातात. इथे तो खरा राजा. पाच पुरवठादारांचा थोडा थोडा माल एका फेरीत गोळा केला की रोज उचलूनही गाडी भरलेली. तिसरं, किमतींचे चढउतार आणि योजना. तिमाही संपताना सेल्सवाले डिस्काउंट देऊन माल ढकलतात, त्यापुढे टॉवर काय करणार? चौथं, तुटवड्याची भीती. माल कमी मिळणार असं वाटलं की लोक दुप्पट मागतात. वाटप ऑर्डरीच्या प्रमाणात केलं की या खोटेपणाला बक्षीस मिळतं, आधीच्या खऱ्या विक्रीच्या प्रमाणात केलं की मिळत नाही. समन्वयकाला हे करता येतं, पण तेवढा अधिकार त्याला सहसा कोणी देत नाही.

म्हणजे चारपैकी दीड कारण तो स्वतःच्या हिमतीवर सोडवतो. बाकीचं तुमच्या कंपनीने त्याला काय दाखवलं आणि काय ठरवू दिलं यावर.

वर्गमूळ | सोम, १३:०४

अर्धविराम यांचा प्रतिसाद उत्तम. साठ्याचं गणित राहिलं, ते मी घालतो.

समजा चार गोदामं आहेत आणि मागणी वरखाली झाली तर असावा म्हणून प्रत्येकात १०० नगांचा सेफ्टी स्टॉक आहे. एकूण ४००. चारही ठिकाणची मागणी सारखीच अस्थिर पण एकमेकींशी संबंध नसलेली असेल, तर सगळं एकत्र केल्यावर तेवढ्याच खात्रीसाठी २०० पुरतात, कारण एकीकडे वाढते तेव्हा दुसरीकडे घटलेली असू शकते. साठा गोदामांच्या संख्येच्या नव्हे, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लागतो. गॅरी एपन यांनी १९७९ मध्ये हे नीट सिद्ध केलं. (माझ्या आयडीचं रहस्य आता सर्वांना कळलं.)

पण तळटीप महत्त्वाची. चारही ठिकाणी मागणी एकदमच वाढत असेल तर वाचत काहीच नाही, ४०० च्या ठिकाणी ४००च लागतात. आणि हा हिशेब फक्त सेफ्टी स्टॉकचा, रोजच्या खपाच्या मालाचा नव्हे. प्रेझेंटेशनमध्ये "साठा ५० टक्क्यांनी कमी" असं लिहिलेलं असेल तर कुठला साठा, हे विचारा. बहुतेक वेळा पुढची स्लाइड येते.

रच्याकने, यासाठी माल एका छपराखाली आणायची गरज नाही. चारही गोदामांतला साठा एकाच माणसाला दिसत असेल आणि एकीकडून दुसरीकडे माल वळवायचा अधिकार त्याला असेल, तर बराचसा फायदा तसाच मिळतो. मला विचाराल तर टॉवरची खरी किंमत इथे आहे, नकाशावरच्या ठिपक्यांत नाही.

उंटावरचा_शहाणा | सोम, १३:४०

एका छपराखाली आणायची गरज नाही म्हणता, पण लोक आणतातच की. २०१८ चा फेब्रुवारी आठवा. ब्रिटनमधल्या केएफसीने जुना पुरवठादार बिडवेस्ट सोडून डीएचएल आणि क्यूएसएल या जोडीला काम दिलं. १४ तारखेला सुरुवात. सगळा माल रग्बी इथल्या एकाच डेपोतून. त्याच दिवशी आसपासच्या महामार्गांवर अपघात झाले, गाड्या अडकल्या, आणि मग डेपोच्या आतला गोंधळ आवरेना. सुमारे ९०० पैकी निम्म्याहून जास्त रेस्टॉरंटं काही दिवसांत बंद. चिकन विकणाऱ्या कंपनीकडे चिकन नाही! मार्चमध्ये उत्तरेकडची साडेतीनशेपर्यंत रेस्टॉरंटं पुन्हा त्याच बिडवेस्टकडे द्यावी लागली.

एकाच्या हाती दोऱ्या म्हणजे एकाच जागी गळफास.

वर्गमूळ | सोम, १४:०२

@उंटावरचा_शहाणा, उदाहरण बरोबर, निष्कर्ष घाईचा. तिथे निर्णय एकवटल्यामुळे घात झाला नाही. माल एका जागी एकवटला आणि जुनी व्यवस्था एका झटक्यात बंद केली, म्हणून झाला. निर्णय एकीकडे आणि साठा चार ठिकाणी, असं नक्कीच करता येतं. उलट रग्बीचं दार अडल्यावर दुसऱ्या डेपोतून माल वळवणारं कोणी हवं होतं. पण वळवायला दुसरा डेपोच नव्हता.

जुनं-नवं काही आठवडे समांतर चालवायचा खर्च वाचवणारे शेवटी तो दुप्पट भरतात, हे मात्र शंभर टक्के मान्य.

गाडीवान | सोम, २१:३३

दिवसभर रस्त्यावर होतो, आता वाचलं. वर सगळ्यांनी छान छान लिहिलंय. आता खालून कसं दिसतं ते सांगतो. माझ्या अकरा गाड्या आहेत. तीन वर्षांपासून त्यातल्या सहा अशाच एका टॉवरच्या हाताखाली चालतात. नाव घेत नाही.

आधी मी कारखान्याच्या माणसाशी बोलायचो. तो मला ओळखायचा, मी त्याला. अडचण आली की दोघं मिळून मार्ग काढायचो. आता मी ॲपशी बोलतो. दर ऑनलाइन उलट्या लिलावात ठरतो, जो सर्वांत खाली उतरेल त्याला फेरी. मधल्याचं कमिशन वेगळं. गाडी तीच, रस्ता तोच, टायर तेच, फक्त मधे खाणारं एक तोंड वाढलं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. ड्रायव्हर पहाटे साडेचारला गेटवर पोचला. स्लॉट सहाचा. टोकन मिळालं तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉकला (माल उतरवायच्या फलाटाला) लागला दीडला. पेपर हातात पडले तीनला. या साडेदहा तासांत त्याला टॉवरमधून तीन वेगवेगळ्या मुलांचे फोन आले: "ईटीए (पोचायची वेळ) काय आहे?" तो म्हणाला, "साहेब, मी गेटवर उभा आहे." तिकडून उत्तर, "सिस्टीममध्ये तुम्ही पोचलात असं दाखवतंय, मग माल का उतरला नाही?" आता हे त्याने सांगायचं? थांबण्याचे पैसे मागितले तर ते म्हणतात सिस्टीमप्रमाणे गाडी वेळेवर, डिटेन्शन लागू नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. परतीचा माल मिळायला लागला. आधी दहापैकी सहा फेऱ्यांना रिकामा यायचो, आता तीनेक. त्या टॉवरकडे दुसऱ्या कंपन्यांचाही माल असतो, तो जुळवून देतात. म्हणूनच सोडलं नाही अजून.

नवशिकी | मंगळ, ०८:१०

गाडीवान, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. पण मग 'रिअल टाइम ट्रॅकिंग' असूनही गाडी गेटवर आहे की डॉकवर, एवढंसुद्धा कळत नाही का?

जोडणीकार | मंगळ, ०९:२७

@नवशिकी, याचं उत्तर माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात आहे. मी या सिस्टिमी एकमेकींना जोडून देतो.

नकाशावर कारखान्याभोवती एक अदृश्य वर्तुळ आखतात. गाडीचा जीपीएस त्या वर्तुळात शिरला की स्टेटस 'पोचली'. वर्तुळ मोठं आखलेलं असतं, कारण लहान आखलं तर सिग्नल हुकतो. गेटबाहेरची रांग त्या वर्तुळातच येते. म्हणून गाडीवान यांचा ड्रायव्हर पहाटे साडेचारलाच 'पोचला' आणि पुढचे साडेदहा तास टॉवरच्या दृष्टीने कुठे गेलेच नाहीत. डॅशबोर्डवर ठिपका हिरवा. समन्वयकाचं करारातलं लक्ष्य 'वेळेवर पोच' हेच असेल, तर तो ठिपका आणखी अचूक करण्यात त्याला काडीचा रस नसतो.

दुसरा किस्सा, मी स्वतः निस्तरलेला. एका कंपनीचे सगळे पुरवठादार एका मध्यवर्ती सिस्टीमला जोडले. पहिल्याच आठवड्यात एका लहानशा वॉशरवरून उत्पादन अडलं. सिस्टीममध्ये साठा भरपूर. शोधता शोधता कळलं की पुरवठादाराच्या नोंदीत 'बॉक्स' म्हणजे १२ नग आणि कारखान्याच्या नोंदीत 'बॉक्स' म्हणजे १४४. पूर्वी स्टोअरमधले एक काका दर वेळी मनातल्या मनात बाराने गुणायचे-भागायचे आणि कोणालाच कधी कळलं नाही. टॉवर आला, काकांना दुसरीकडे बसवलं, आणि गुणाकार करणारं कोणी उरलं नाही.

संदेशांचे नमुने काही आज आलेले नाहीत. एडिफॅक्टची, म्हणजे कंपन्यांच्या संगणकांनी एकमेकांना ऑर्डरी-बिलं पाठवायच्या नमुन्याची, वाक्यरचना १९८७ मध्येच आयएसओचं प्रमाण झाली. पण पाकिटाचा आकार एक झाला म्हणून आतल्या शब्दांचा अर्थ एक होत नाही. कामाचा निम्मा वेळ आयटम मास्टर, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या मूळ नोंदींची यादी, साफ करण्यात जातो, आणि प्रेझेंटेशनमध्ये त्यावर एकही स्लाइड नसते.

गाडीवान | मंगळ, ०९:४१

म्हणजे ते वर्तुळ तुम्ही आखलंत होय! सापडलात. (ह.घ्या.)

वेळापत्रक | मंगळ, ११:२०

सर्वांचे आभार. जोडणीकार यांचे काका आमच्याकडेही आहेत, किंबहुना ते काका मीच आहे की काय अशी शंका येतेय.

पण माझा तिसरा प्रश्न तसाच आहे. पैसे कोणाच्या खिशात?

हिशेबी | मंगळ, १४:५५

या प्रश्नाची वाट बघत होतो. मी असे करार तपासतो, दोन्ही बाजूंनी केले आहेत.

समन्वयकाला पैसे कसे देता, त्यावर तो कसा वागणार हे ठरतं. एकूण फ्रेटच्या (वाहतूक खर्चाच्या) टक्केवारीवर कमिशन दिलंत, तर तुमचा खर्च कमी झाला की त्याचं उत्पन्न कमी. मग तो कशाला फेऱ्या वाचवेल? तो गाड्या घाऊक दराने घेऊन तुम्हाला वाढीव दराने विकत असेल, तर तो समन्वयकच नव्हे, व्यापारी आहे. एकापाठोपाठ दोघांनी आपापला नफा चढवला की अंतिम किंमत वाढते, खप घटतो आणि दोघांचा मिळून नफासुद्धा एकाच मालकाला झाला असता त्याहून कमी भरतो. हे अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्पेंगलर यांनी १९५० मध्ये दाखवून दिलं आहे.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे ठरावीक व्यवस्थापन फी आणि वर बचतीत वाटा, हिशेबाच्या वह्या उघड्या. पण बचत कशाच्या तुलनेत? मागच्या वर्षीच्या खर्चाच्या? मधे इंधन स्वस्त झालं तर ती बचत त्याची का? तुमचं उत्पादनच घटलं तर? हा पाया, बेसलाइन, किलोमीटरमागे आणि टनामागे ठरवा, इंधनाचा भाग वेगळा काढा, आणि दर वर्षी नव्याने बांधा. माझ्या पाहण्यात भांडणं याच पानावर होतात. पहिल्या वर्षी लोंबती फळं तोडली जातात, दोन्हीकडे आनंद. तिसऱ्या वर्षी वाचवायला फारसं काही उरत नाही, आणि मग समन्वयकाची हुशार माणसं नव्या गिऱ्हाइकाकडे पाठवली जातात. तुमच्याकडे शिकाऊ येतात. गाडीवान यांना फोन करणारी ती तीन मुलं म्हणजे बहुधा तिसरं वर्ष.

आणखी एक सापळा. साठा खरंच कमी झाला, की नुसता दुसऱ्याच्या वहीत गेला? डेल या संगणक कंपनीच्या भरभराटीच्या काळात कारखान्यांजवळ बाहेरच्या कंपन्यांनी चालवलेली 'हब' असायची. सुटे भाग तिथे पडलेले, पण डेलने उचलेपर्यंत मालकी पुरवठादाराची. डेलचा ताळेबंद देखणा. पुरवठादाराने त्या साठ्याचं व्याज कुठेतरी भरून काढलंच असणार, ते तुमच्याच दरात येतं. आमच्या भाषेत याला बचत नाही, स्थलांतर म्हणतात.

वाटणीचं एक छोटं गणित. दोन कंपन्या, वेगवेगळी वाहतूक केली तर एकीला ६० आणि दुसरीला ४० एकक खर्च. एकाच गाडीत माल टाकला तर मिळून ७०. वाचले ३०. मोठी म्हणते, खर्चाच्या प्रमाणात वाटा: मला १८, तुला १२. धाकटी म्हणते, मी नसते तर तुझेही शून्यच वाचले असते, तेव्हा अर्धे अर्धे: १५-१५. लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये दिलेल्या रीतीप्रमाणे दोनच भागीदार असतील तर धाकटीचं बरोबर येतं. तीन-चार झाले की आकडेमोड वाढते, पण तत्त्व तेच: प्रत्येकाच्या येण्याने सरासरी किती वाचलं तेवढा त्याचा वाटा. व्यवहारात मात्र मोठीचंच चालतं, आणि मग धाकटी दोन वर्षांत बाहेर पडते.

नवशिकी | मंगळ, १५:३०

लहान कंपन्यांनी मिळून एखादा समन्वयक नेमला तर? की एवढ्या छोट्यांना हे झेपतच नाही?

अर्धविराम | मंगळ, १७:१२

झेपतं, आणि माझ्या मते बाहेरच्या माणसाची खरी गरज तिथेच आहे. एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या आपले गिऱ्हाईक, प्रमाण, दर एकमेकींना दाखवू शकत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने नाही आणि बहुतेक देशांच्या स्पर्धा कायद्यानुसारही नाही. दोघींचा माल एका गाडीत घालायचा तर दोघींची माहिती बघणारा आणि कोणालाच न सांगणारा तिसरा लागतो. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ ट्राय-व्हायझर ही कंपनी २००८ मध्ये नेमकी याच कामासाठी निघाली. गाडी नाही, गोदाम नाही, विकायला फक्त विश्वास आणि जुळवाजुळव.

तटस्थपणा नसला की काय होतं त्याचं उदाहरण ट्रेडलेन्स. मेर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये आणलेला कंटेनर वाहतुकीचा सामायिक मंच. ब्लॉकचेन, मोठमोठ्या बंदरांचा सहभाग, सगळं होतं. पण जहाज कंपन्यांसाठीचा मंच त्यांच्यातल्याच एका बड्या स्पर्धकाच्या दाराशी. पुढे इतर बड्या कंपन्या आल्यासुद्धा, तरी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. पूर्ण उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही असं त्यांनीच सांगितलं. तंत्रज्ञानाला दोष देणारे लेख बरेच आले, मला तो मालकीचा प्रश्न वाटतो.

मोठ्यांच्या बाबतीत जनरल मोटर्सची गोष्ट बघण्यासारखी आहे. २००० साली त्यांनी सीएनएफ या वाहतूक कंपनीबरोबर व्हेक्टर एससीएम नावाची संयुक्त कंपनी काढली, जगभरची लॉजिस्टिक्स तिच्यामार्फत चालवण्यासाठी. फोरपीएलचं आदर्श उदाहरण म्हणून तिचे गोडवे गायले जायचे. २००६ मध्ये जीएमने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला आणि ती घरात आणली. तुम्हाला आवडेल तसं वाचा: कोणी म्हणेल फसलं, कोणी म्हणेल इतकं जमलं की दुसऱ्याच्या हातात ठेववेना. मी दुसऱ्या बाजूचा. डोकं कायमचं भाड्याने घेता येत नाही.

उंटावरचा_शहाणा | मंगळ, १७:५०

बघा, फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. त्यात भर म्हणून २०१७ चा जून. नॉटपेट्या व्हायरसने मेर्स्कचं जाळं एका दिवसात झोपवलं. ४००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तोवर बंदरांवर लोक कागद-पेन घेऊन काम करत होते. मेर्स्ककडे निदान कागद-पेनाने काम येणारी माणसं होती. वेळापत्रकराव, तुमचे सातही ट्रान्सपोर्टर टॉवरमधून चालायला लागल्यावर दोन वर्षांनी त्यांचे फोन नंबर तरी तुमच्याकडे असतील का?

वर्गमूळ | मंगळ, १८:०५

यावेळी +१. हे टोचलं, पण खरं आहे.

निवांत_बसलेला | बुध, १०:१०

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला वर्गमुळाचं +१. हा दिवस पाहायला मिळाला, धागा सार्थकी लागला.

वेळापत्रक | (तीन आठवड्यांनी) सोम, १९:२२

मंडळी, अपडेट द्यायचं राहिलं होतं. तुमचे प्रतिसाद, आयडी काढून टाकून, मीटिंगमध्ये वापरले. रागावू नका.

सगळं सोपवायचं तूर्त रद्द झालं. फक्त आवक द्यायची, तीही जवळजवळच्या बावीस पुरवठादारांची. त्यांच्याकडून रोज ठरलेल्या वेळी फिरून थोडा थोडा माल गोळा करणाऱ्या फेऱ्या, म्हणजे मिल्क रन. अर्धविराम यांच्या यादीतला 'खरा राजा' तेवढाच ठेवला. डिस्पॅच आमच्याकडे. ट्रान्सपोर्टरांशी करार आमच्या नावाने, पैसेही आम्हीच देणार, टॉवरला ठरावीक फी आणि किलोमीटरमागच्या बेसलाइनवर वाटा. पहिले सहा आठवडे जुनी पद्धत समांतर. त्यावर आमचे फायनान्सवाले हिरमुसले, पण केएफसीचं नाव काढल्यावर गप्प झाले.

आयटम मास्टरची मालकी आमची. सोडून जायची वेळ आली तर सगळा विदा आमच्या फॉरमॅटमध्ये परत, हे कलम त्यांच्या वकिलाने तीन वेळा खोडलं आणि आम्ही तीन वेळा परत घातलं. बावीस पुरवठादारांचे मास्टर तपासताना 'बॉक्स'चे सहा अर्थ निघाले. एकाकडे बॉक्स म्हणजे "जेवढं मावेल तेवढं". हे शब्दशः त्याचं उत्तर आहे.

जमलं नाही ते म्हणजे सेल्सचा अंदाज. टॉवरला खरी मागणी दाखवायला सेल्सवाले तयार नाहीत, "बाहेरच्यांना कशाला" म्हणतात. म्हणून टॉवरला आमच्या उत्पादनाच्या प्लॅनवरच काम करावं लागणार, आणि तो प्लॅन दर गुरुवारी बदलतो. ते दुखणं आमचं आमच्यापाशीच राहिलं.

हिशेबी | सोम, २०:०१

बेसलाइनमध्ये इंधन वेगळं काढलंत ना?

वेळापत्रक | सोम, २०:०९

काढलं. तुमचा प्रतिसाद प्रिंट करून समोर ठेवला होता.

गाडीवान | सोम, २२:४७

बाकी सगळं ठीक. डिटेन्शनचं काय केलंत? घड्याळ कोणाचं धरणार, टॉवरच्या वर्तुळाचं?

वेळापत्रक | मंगळ, ०८:५५

नाही. गेटवरच्या नोंदवहीचं. गाडी आली ती वेळ, डॉकला लागली ती वेळ, पेपर मिळाले ती वेळ, तिन्ही रकान्यांपुढे वॉचमनची सही. दोन तासांवर थांबली तर पैसे आमच्याकडून, कारण रांग आमच्या गेटची आहे. टॉवरवाल्यांनी त्यासाठी टॅब देऊ केला होता. वॉचमन म्हणाला, वही बरी आहे.

गाडीवान | मंगळ, ०९:०२

तुमच्या मिल्क रनला दोन गाड्या लावू शकतो. व्यनि करतो.